मापाच्या वहीतलं देणं

"छे हो मॅडम, देणं कसलं?" थोरले भाऊजी हसून म्हणाले. "भावाला दिलं. सख्ख्या भावाला. परत मागायला मी काय सावकार आहे?"

टेबलापलीकडच्या, मदत कार्यालयाच्या तपासनीस बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून भाऊजींकडे बघितलं. शेजारच्या खुर्चीत बसलेली धाकटी, त्यांची भावजय, पुढे सरकली.

"म्हणजे तुम्ही हे पैसे कधी परत मागितले नव्हते?"

"कधीच नाही."

"किती दिले, ते कुठे लिहून ठेवलंय?"

"आमच्या घरात भावाभावांत लिहिण्याची पद्धत नाही." हे सांगताना भाऊजी खुर्चीत जरा ताठ झाले.

धाकटीनं टेबलाखालून त्यांच्या बुटाला चप्पल लावली. गप्प बसा, एवढंच तिला सांगायचं होतं. भाऊजींना वाटलं, आपलाच पाय मधे आला. ते ओशाळले आणि त्यांनी पाय चटकन खुर्चीखाली ओढून घेतला.

"आणि आता त्यांनी तुम्हाला तीन लाख दिले, तेव्हा?"

"तीनदा नको म्हटलं मी. हिलाच विचारा. चौथ्यांदा त्यानं हात जोडले. आजारी माणसाचं मन मोडवेना, म्हणून घेतले."

भाऊजींच्या प्रत्येक उत्तरानं त्यांचा मोठेपणा वाढत होता आणि धाकट्या भावाच्या घराचा एकेक वासा निखळत होता. बाई शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. अक्षर सुंदर होतं. धाकटीला ते उलटं दिसत होतं, तरी त्यातले दोन शब्द तिनं वाचले: 'परतफेड नाही.'

हे सगळं नीट समजायचं तर थोडं मागं जायला हवं.

धाकटीचा नवरा मालाच्या गोदामात कामाला होता. सहा वर्षांपूर्वी खोक्यांची एक चळत त्याच्या पाठीवर कोसळली. जीव वाचला, पण कंबरेखालची जाणीव गेली ती गेलीच. घर आलं धाकटीच्या अंगावर. ती औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायचं अर्ध्या दिवसाचं काम करत होती. तेवढ्यावर दोघांचं भागत नव्हतं, म्हणून मदत कार्यालयाकडून त्यांना दरमहा मदत मिळे. त्यातून अर्धं भाडं निघे आणि औषधं येत. शिवाय रोज सकाळी दोन तास एक मदतनीस येई. तो नवऱ्याला उचलून अंघोळ घाली, खुर्चीत बसवी. काटकुळ्या अंगाचा आणि साठीला टेकलेला माणूस, पण उचलायची अशी हातोटी की नवऱ्यानं त्याचं नाव पहिलवान ठेवलं होतं. "आज कुस्ती कुणाशी, पहिलवान?" असं तो रोज विचारी. पहिलवान म्हणे, "तुमच्याशीच. आणि रोज मीच जिंकतो."

तो दोन तास येई म्हणून धाकटीला कामावर जाता येई. ती कामावर जाई म्हणून उरलेलं अर्धं भाडं भरलं जाई. एक वीट काढली तर दुसरी राहत नाही, असा तो संसार होता.

आता नियम. तो सावकाश समजून घ्यावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही मदत फक्त गरजूंना. गरजू कोण? ज्याच्याजवळ दोन लाख किंवा त्याहून कमी शिल्लक आहे तो. शिल्लक दोन लाखांच्या वर गेली की मदत बंद. समजा, एखाद्यानं जास्तीचे पैसे कुणाला देऊन टाकले आणि म्हणाला, "बघा, माझी शिल्लक कमी झाली," तर? तसं चालत नाही. उगाच देऊन टाकलेले पैसे अजून त्याच्याच खिशात आहेत असं कार्यालय धरतं. फक्त खरंखुरं कर्ज फेडलं असेल, तर ते पैसे वजा होतात. नियम वाईट नाही. लबाडी थांबवायला तो लागतोच. पण नियमाला चेहरे ओळखता येत नाहीत.

सहा वर्षं चाललेला गोदामाचा दावा गेल्या महिन्यात निकाली निघाला आणि नुकसानभरपाई एकरकमी आली. चार लाख ऐंशी हजार. पैसे आल्याचं कळलं तेव्हा नवरा पहिलं वाक्य बोलला ते असं, "आधी दादाचं." सहा वर्षं महिना संपत आला की धाकटी थोरल्या घरी जाऊन उभी राही आणि तीन, चार, कधी पाच हजार घेऊन येई. सगळं रोख, सगळं तोंडी. एकूण किती झाले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "तीन लाख तरी असतील," नवरा म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी तीन लाख थोरल्यांना पोचते केले. उरले एक लाख ऐंशी हजार. धाकटीनं हे सगळं जसंच्या तसं कार्यालयाला लिहून कळवलं. खरं सांगितलं की झालं, अशी तिची समजूत होती.

पण कागदावर ते कसं दिसत होतं बघा. मर्यादा दोन लाखांची. नवऱ्यानं सख्ख्या भावाला तीन लाख दिले, आणि शिल्लक नेमकी मर्यादेच्या आत आली.

"मी आज निकाल देत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "पुढच्या सोमवारी अकरा वाजता या. कर्ज होतं असा लेखी पुरावा आणा, त्या त्या वेळी लिहिलेला. आत्ता लिहून आणलेला चालणार नाही. नाही तर चार लाख ऐंशी हजार तुमच्याकडेच आहेत असं मला धरावं लागेल. मग ते जास्तीचे पैसे संपतील असं धरून मदत बंद, अठ्ठावीस महिने."

"आणि मदतनीस?" धाकटीनं विचारलं.

"तोही मदतीतच येतो. तुम्हाला एकटीला जमत नसेल तर यजमानांना निवासी केंद्रात ठेवता येतं. जागा आहेत तिथे."

जिन्यावर भाऊजी म्हणाले, "मी चांगलंच बोललो ना? तुम्हा दोघांना कमीपणा येईल असं काही..."

"भाऊजी, आपण फार चांगलं बोललात," धाकटी म्हणाली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मग तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. भाऊजींचा चेहरा पायरीपायरीनं उतरत गेला. कुलपं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुठलंही अडलेलं कुलूप ते उघडत. आज मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं एक बंद केलं होतं.

"मग मी परत जातो. सांगतो, कर्ज होतं म्हणून."

"त्यांनी लिहून घेतलंय. आता फिरवलंत तर आपण दोघंही खोटी पडू."

"मग तीन लाख परत आणून देतो. दुकानाच्या थकलेल्या भाड्यात गेलेत थोडे, ते उभे करतो कुठून तरी."

"परत दिलेत तर शिल्लक मर्यादेच्या वर. मदत तरीही बंद."

भाऊजी खालच्या पायरीवर टेकले. "म्हणजे घेतले ते चुकलं, दिले ते चुकलं, आणि बोललो तेही चुकलं," ते म्हणाले. धाकटीला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही गिळून ती कामावर गेली. त्या दिवशी तिची लेबलं वाकडी लागली आणि मुकादमानं दोन खोकी परत पाठवली.

नवऱ्याला तिनं रात्री सांगितलं नाही, सकाळी पहिलवानासमोर सांगितलं. परक्या माणसासमोर तो ओरडणार नाही, हा तिचा हिशोब होता. तो ओरडला नाही. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.

"केंद्रात लिफ्ट असते म्हणे," तो म्हणाला. "बरंच की. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून वर्ष झालं मला."

"गप्प बसा."

"रविवारी भेटायला येशील ना? आठवड्यातून एकदा भेटलं तर प्रेम वाढतं."

पहिलवान टॉवेल पिळत उभा होता. त्यानं तो पुन्हा पिळला, पाणी येत नव्हतं तरी.

मंगळवार गेला, बुधवार गेला. धाकटीनं घरातला कागद न् कागद चाळला. औषधांची बिलं होती, भाड्याच्या पावत्या होत्या, पण थोरल्या घरून आलेल्या पैशाला पावती कुठली? हाताला हात लागला, पदराच्या गाठीत बांधले, संपलं. तिनं आठवून आठवून एक यादी केली आणि मग फाडून टाकली. आत्ता लिहिलेलं चालणार नव्हतं.

गुरुवारी काम सुटल्यावर ती थोरल्या घरी गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. सहा वर्षं काही अडलं की त्याच दाराकडे वळायची सवय होती.

थोरली जाऊ बाहेरच्या खोलीत मशीनवर होती. ती कपडे शिवायची. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली माणसं तिच्याकडेच येत. भिंतीला कापडांच्या पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. टेबलावर खडू, कात्री, टेप. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, सात-आठ तरी. धाकटी आली तशी तिनं डोळ्यांनीच स्टूल दाखवलं.

धाकटी बोलत गेली आणि थोरली कोटाचं अस्तर टाचत राहिली. एकेक टाचणी ओठांतून निघे आणि कापडात जाई. बोलणं संपलं तेव्हा दोन टाचण्या उरल्या होत्या. त्या तिनं डबीत टाकल्या.

"ह्यांनी त्याच दिवशी येऊन सांगितलं मला," थोरली म्हणाली. "जेवले नाहीत. आयुष्यभर गोड बोलले, त्याचं बिल आलं म्हणाले."

"वहिनी, मी काही मागायला आले नाही."

"माहीत आहे. मागायला येतेस तेव्हा उभी असतेस. आज बसलीस."

 थोरली उठली. तिनं दार लोटून घेतलं, कपाटाच्या खालच्या खणातून दोन जाड वह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. पुठ्ठ्याची बांधणी, कडा खडूनं पांढऱ्या झालेल्या.

"मापाच्या वह्या?" धाकटीनं विचारलं.

"गिऱ्हाइकाचं माप, तारीख, शिलाई किती, पैसे आले की बरोबरची खूण. आणि शेवटच्या रकान्यात खास सूचना. खांदा उतरता आहे, डावा हात लांब आहे, असं काहीबाही." ती थांबली. "तुम्हाला दिलेलं सगळं यात आहे. ज्या दिवशी दिलं त्या दिवशी लिहिलंय. गिऱ्हाइकांच्या मधेमधे."

 धाकटीनं हात पुढे केला. थोरलीनं वहीवर आपला हात ठेवला.

"ह्यांना ठाऊक नाही. भावाभावांत लिहायचं नाही, ही त्यांची शान. पण कुलपांच्या दुकानात मिळतं किती? दिलेले पैसे या मशीनचे होते. शान त्यांची आणि मशीन चालवणारे पाय माझे. म्हणून लिहीत होते."

"वहिनी, मी तुमचे..."

"पाया-बिया पडू नकोस, टाचण्या सांडल्यात खाली. सोमवारी मी येते. वही माझ्याच हातात राहील. त्या बाईंनी वाचली तर वाचू दे. तू वाचायची नाहीस."

"नाही वाचणार."

"शेवटचा रकाना तर मुळीच नाही."

धाकटी चार दिवस त्या शेवटच्या रकान्याचाच विचार करत राहिली.

सोमवारी अकराला तिघं कार्यालयात पोचली. थोरली पिशवी छातीशी धरून आली होती. वह्या टेबलावर आल्या तेव्हा भाऊजींनी एकदा वह्यांकडे बघितलं, एकदा बायकोकडे बघितलं आणि मग नजर भिंतीवरच्या घड्याळावर नेऊन ठेवली.

बाईंनी वह्या आधी वाचल्या नाहीत, तपासल्या. बांधणी उसवलेली आहे का, पानांचे आकडे सलग आहेत का, मधे कोरी जागा सोडून नंतर भरली आहे का. एक पान उजेडात धरून तिरकं करून बघितलं. "हा शाळेच्या शिपायाचा कोट. पावती दिली होती का यांना?" असं विचारून समोरच्या फोनवरून त्यांनी खरंच त्या शिपायाला फोन लावला. त्याच्याकडे पावती होती. तारीख जुळली. 

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "वही त्या वेळचीच आहे. आता प्रश्न एवढाच, की हे कर्ज म्हणून दिलं की मदत म्हणून? तुमच्या यजमानांनी मागच्या वेळी मदत म्हणून सांगितलंय. त्यामुळे मला नोंदी वाचाव्या लागतील."

"मनात वाचा," थोरली म्हणाली.

"नोंद वाचून दाखवायची आणि लिहिणाऱ्यानं हो म्हणायचं, अशी रीत आहे."

थोरलीनं पदर दोन्ही हातांत घट्ट धरला.

"'धाकटं घर. चार हजार,'" बाईंनी वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज बाजारभाव सांगावा तसा सपाट होता. "'खास सूचना. डोळ्यांत पाणी. महिना संपायला अजून नऊ दिवस.' बरोबर?"

"बरोबर."

"'धाकटं घर. साडेचार हजार. बसली नाही, चहा घेतला नाही, पैसे घेतले.'"

"बरोबर."

"'पाच हजार. पायात नवी चप्पल होती.'"

धाकटीनं पाय खुर्चीखाली घेतले. आज पायात तीच चप्पल होती. आता जुनी झालेली.

"'तीन हजार. मला न विचारता दिले. मशीनच्या मोटरसाठी बाजूला ठेवले होते. आता पुन्हा पायानं मशीन. परत कधी येणार देव जाणे.'"

"बरोबर," थोरली म्हणाली. भाऊजींची नजर घड्याळावरून खाली आली आणि बायकोच्या घोट्यांवर थांबली. ते सुजलेले होते. ते आजच सुजले नव्हते, पण भाऊजींनी ते आज बघितले.

असं एक एक पान उलटत गेलं. सहा वर्षं एका खोलीत मोठ्यानं वाचली जात होती.  धाकटीला वाटलं, उठावं, बाहेर जावं, मदत गेली तर गेली. मग तिला टॉवेल पिळणारा पहिलवान आठवला, आणि खिडकीकडे बघणारा नवरा. ती बसून राहिली.

मधेच बाई थांबल्या. "एक गोष्ट आहे," त्या पहिल्यांदाच जरा माणसासारख्या बोलल्या. "दान देणारा माणूस असं लिहीत नाही. ज्याला परत हवे असतात तोच कुरकुरतो. मी हे कर्ज धरते."

मग त्यांनी आकडेमोडीचं यंत्र पुढे ओढलं. कागदाची पट्टी सरकू लागली. खोलीत तेवढाच आवाज होता. हे गणित धाकटीनं रविवारी दहादा केलं होतं. दिलेले तीन लाख. त्यातलं जेवढं कर्ज ठरेल तेवढं वजा. उरलेलं उगाच दिलं असं धरून शिल्लकीत मिळवायचं. म्हणजे निदान दोन लाख ऐंशी हजारांचं कर्ज सिद्ध व्हायला हवं. त्याच्या खाली एक दमडी गेली तरी मर्यादा ओलांडली.

"दोन लाख चौऱ्याऐंशी हजार," बाई म्हणाल्या.

धाकटीनं डोळे मिटले.

"पण ही एक नोंद यातून काढावी लागेल. सहा हजार. 'चाकाची खुर्ची. हे परत घ्यायचे नाही. तो रस्ता बघेल तेवढं पुरे.'"

 ती खुर्ची कार्यालयातून आली असं धाकटीला सांगण्यात आलं होतं. तिनं थोरलीकडे बघितलं. थोरली टेबलाच्या कडेकडे बघत होती. सहा वर्षांच्या कुरकुरीत एकच ओळ प्रेमानं लिहिली होती, आणि तीच आता बुडवत होती.

"दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार," बाई म्हणाल्या. "दोन हजार कमी पडतात. मी नियम वाकवू शकत नाही."

"पान उलटा," थोरली अचानक म्हणाली. "पुढचंच. आणि मग दर तीन-चार महिन्यांनी एकेक सापडेल. विजारी."

बाईंनी पान उलटलं. "'विजार, दोन्ही बाजूंना पूर्ण चेन, मागे शिवण नको, बसून दुखते. शिलाई दोनशे.' बरोबरची खूण नाही."

"माझ्या दिराच्या आहेत. त्यांना उभं राहता येत नाही, म्हणून तशा शिवाव्या लागतात. चौदा शिवल्या. पैसे आले नाहीत, म्हणून खूण नाही."

"पण हे तुम्ही प्रेमानं शिवलंत की शिलाई घ्यायची म्हणून?"

 थोरलीला 'शिलाईसाठी' असं म्हणता आलं असतं. पण सहा वर्षांत ती पैशाबद्दल घरात खोटं बोलली असेल, वहीत कधी बोलली नव्हती. तिनं धाकटीकडे बघितलं.

"मी प्रत्येक वेळी विचारलं, वहिनी किती झाले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्या प्रत्येक वेळी म्हणाल्या, नंतर बघू. नको असं कधी म्हणाल्या नाहीत."

"असंच म्हणालात?" बाईंनी थोरलीला विचारलं.

"नंतर बघू, असंच म्हणते मी उधारीवाल्या सगळ्यांना," थोरली म्हणाली. "आणि शिलाईचा आकडा घातलाय की. फुकट शिवते तिथे मी आकडा घालत नाही. पान नव्वद बघा, शेजारणीच्या बाळाची झबली."

बाईंनी पान नव्वद काढलं. झबली होती, शिलाईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि यंत्रावर चौदा वेळा दोनशे मांडले. एकदम गुणाकार करता आला असता, पण त्यांनी एकेक नोंद शोधून, बोट ठेवून मांडली. धाकटी मनात मोजत होती. आठ. नऊ. दहावी सापडेना. पानं पुढे गेली, मागे आली. घड्याळाचा काटा सरकला. शेवटी दोन पानं खडूनं चिकटलेली निघाली आणि त्यांच्या आत दहावी होती. पुढच्या चार लगेच मिळाल्या.

"दोन लाख ऐंशी हजार आठशे," बाई म्हणाल्या. "उरलेले एकोणीस हजार दोनशे शिल्लकीत धरले, तर शिल्लक होते एक लाख नव्याण्णव हजार दोनशे. मर्यादेच्या आत आहे. मदत चालू राहील."

 धाकटीनं नुसती मान हलवली, आणि मग हलवतच राहिली.

सह्या झाल्या. बाईंनी वह्यांच्या पानांच्या प्रती काढायला घेतल्या.

"ही पानं इथेच राहणार?" थोरलीनं विचारलं.

"फाईलला लागतात."

"त्या सूचनांसकट?"

"सूचनांसकट. पुरावा तोच आहे."

बाहेर बोळात एक लांब बाक होता. भाऊजी बसले नाहीत. "मोटरचे होते ते पैसे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हो."

"आणि तू पायानंच..."

"आता झालं ते झालं."

भाऊजींनी बोटं एकमेकांत अडकवून सोडवली. "चहा आणतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. जरा जास्तच भरभर उतरले.

दोघी जावा बाकावर बसल्या. मधे पिशवी होती.

"ही चप्पल पहिलवानाच्या बायकोनं दिली होती," धाकटी म्हणाली. "तिला लहान होत होती."

थोरलीनं चपलेकडे बघितलं. "मला काय माहीत."

"विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर लिहिलं नसतं," थोरली म्हणाली.

  धाकटीनं विचारलं, "पुढची विजार कधी द्याल? पहिलीची चेन गेलीय."

"माप तेच?"

"कंबर दोन बोटं कमी झालीय."

थोरलीनं पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली आणि केसात खोचलेली पेन्सिल काढली. तारीख घातली. माप लिहिलं. शिलाईच्या रकान्यात आकडा घातला, दोनशे. धाकटीनं पर्स उघडली आणि दोनशे पुढे केले. थोरलीनं नको म्हटलं नाही, नंतर बघू असंही म्हटलं नाही. तिनं पैसे घेतले, मोजले आणि बरोबरची खूण केली.

मग पेन्सिल शेवटच्या रकान्याकडे गेली आणि तिथे ती बरंच काही लिहू लागली. धाकटीनं कबूल केलं होतं, म्हणून ती जिन्याकडे बघत राहिली. भाऊजी तीन पेले दोन हातांत सांभाळत, एकेक पायरी जपून वर येत होते.